कार्बाइडचा कचरा : गेलं किती, उरलं किती?

१ जानेवारी २०२५च्या रात्री १२ बंद कंटेनर भोपाळहून पीथमपूरला निघाले. त्यांत युनियन कार्बाइडच्या बंद कीटकनाशक कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा होता. जूनअखेरीस तो तिथल्या भट्टीत जाळूनही झाला. भोपाळच्या पिपलानीत, भेलच्या वसाहतीत अनेकांना वाटतं, ‘सुटलो एकदाचे!’ अशा समजुती तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज : कचऱ्यात १९८४च्या गळतीतला तो वायू होता.
वस्तुस्थिती : तो वायू, म्हणजे मिथाइल आयसोसायनेट, पाण्याशी झपाट्याने अभिक्रिया करतं, ते इतकी वर्षं मोकळ्यावर टिकत नाही. ३३७ टनांत १६२ टन दूषित माती होती, ९२ टन सेविन या कीटकनाशकाचे व नॅफ्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार झालेलं कीटकनाशक आणि २९ टन रिॲक्टरमधला गाळ. धोका स्फोटाचा नव्हता, सावकाश भिनणाऱ्या विषाचा होता.

गैरसमज : आता भोपाळ स्वच्छ झालं.
वस्तुस्थिती : गेला तो गोळा करून गोदामात ठेवलेला कचरा. कारखाना चालू असताना आवारात पुरलेलं आणि बाहेरच्या बाष्पीभवन तळ्यांत सोडलेलं विष मातीत मुरलं आहे. नीरी आणि एनजीआरआय या संस्थांनी २०१०मध्ये दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन दिला होता. म्हणजे सव्वातीन हजार टनांतला जेमतेम एक टन हलला. भूजल तर इतकं बिघडलं, की आसपासच्या वस्त्यांना शुद्ध पाणी देण्याचा आदेश २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

गैरसमज : जाळलं की संपलं.
वस्तुस्थिती : भट्टीत सेंद्रिय विषं मोडतात, पारा आणि इतर धातू जळून नाहीसे होत नाहीत. आम्लवायू शोषून घेण्यासाठी चुना घालावा लागतो, त्यामुळे वजन उलट वाढतं. ३३७ टनांतून ८५० टनांहून जास्त राख आणि अवशेष निघाले. ते अस्तर लावलेल्या खड्ड्यात पुरायचे, तर अस्तराची आणि भोवतालच्या पाण्याची राखण पुढची कित्येक वर्षं करावी लागणार.

गैरसमज : कचरा तिथे जाळायला पीथमपूरकरांचा विरोध निव्वळ अडाणीपणाचा होता.
वस्तुस्थिती : ताशी १३५, १८० आणि २७० किलो अशा तीन चाचण्या झाल्या. धूर मर्यादेत असल्याचे अहवाल आले. पण चिमणीचं मोजमाप विहिरीच्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. ज्याच्या गावात राख राहणार, त्याने पाण्याबद्दल विचारायचं नाही तर कुणी?

गैरसमज : या कचऱ्यासाठी १२६ कोटी मंजूर झाले, म्हणजे सरकार गंभीर आहे.
वस्तुस्थिती : हिशोब टनामागे सुमारे ३७ लाखांचा पडतो. या दराने ११ लाख टन माती जाळणं कुणालाही परवडणार नाही. तिच्यासाठी जागेवरच शुद्धीकरण, बंदिस्ती असे वेगळे मार्ग लागतील, आणि त्यांचा आराखडा लोकांसमोर यायला हवा.

कुठलंही पर्यावरण धोरण जोखताना तीन गोष्टी विचाराव्यात : एकूण प्रश्नापैकी किती सुटला, उरलेलं कुणाच्या दारात गेलं, आणि पुढे तपासणार कोण? पीथमपूरच्या राखेचे आणि कारखान्याभोवतालच्या भूजलाचे अहवाल दरवर्षी जाहीर व्हावेत, हिंदीत, वस्तीवस्तीत. पिपलानीच्या नळाला स्वच्छ पाणी येतं, म्हणून ही मागणी फक्त गॅसपीडितांची ठरत नाही. शहर एकच आहे. ही मागणी आपलीही आहे.