टोर्नेडो आणि आसऱ्याची खोली



चैत्र-वैशाखांत भर दुपारीं माळावर धुळीचा एखादा भोंवरा उठतो, वाळलेलीं पानें आणि कागदाचे कपटे गरगर फिरवीत नेतो, आणि पाहतां पाहतां दमून जमिनीवर निजतो. त्यास आपण वावटळ म्हणतों. आज ज्या वाऱ्याविषयीं मला बोलावयाचें आहे, तो दुरून पाहणारास वावटळीसारखाच दिसतो. पण दोहोंचें कूळ निराळें. वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर चढते. टोर्नेडो हा गडगडणाऱ्या मेघाच्या पोटांतून खालीं उतरतो. वावटळीनें फार तर अंगणांतलें धुणें उडून जाईल. टोर्नेडो मात्र चौथरा तेवढा मागें ठेवून सबंध घर घेऊन जाऊं शकतो.

चक्रीवादळाशींहि त्याची गल्लत होऊं देऊं नये. ३ जून २०२० रोजीं रायगडच्या किनाऱ्यावर जें 'निसर्ग' वादळ आलें, तें समुद्रावर जन्मलेलें, शेंकडों किलोमीटर विस्ताराचें, आणि आगाऊ वर्दी देऊन आलेलें होतें. टोर्नेडोची रुंदी बहुधा कांहींशें मीटर, क्वचित् दोन-चार किलोमीटर. त्याचें आयुष्य बहुधा कांहीं मिनिटांचें. आणि वर्दी मिळालीच तर तीहि मिनिटांचीच. या मिनिटांच्या हिशेबांतच आजचा सारा विषय सामावलेला आहे.

हा वारा जगांत पुष्कळ ठिकाणीं उत्पन्न होतो. तथापि त्याचें खरें माहेरघर म्हणजे अमेरिकेंतील टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सास यांसारखा सपाट मुलूख. वसंत ऋतूंत मेक्सिकोच्या आखातावरून ऊबदार, दमट हवा उत्तरेकडे सरकते. पश्चिमेच्या उंच पठारांवरून कोरडी हवा येते, आणि त्यांच्यावर, पुष्कळ उंचीवर, थंड व वेगवान् वारे वाहत असतात. जमिनीजवळचा वारा एका दिशेचा व मंद, वरचा दुसऱ्या दिशेचा व वेगवान्, अशी स्थिति झाली म्हणजे मधली हवा आडव्या लाटण्यासारखी फिरूं लागते. मेघाकडे वर झेपावणारा प्रवाह हें लाटणें उचलून उभें करितो, आणि सारा मेघच स्वतःभोंवतीं फिरूं लागतो. अशा फिरत्या मेघांपैकीं थोड्यांच्याच पोटांतून टोर्नेडोची सोंड खालीं उतरते. पण कोणत्या मेघांतून ती उतरेल, हें फार आधीं निश्चित सांगतां येत नाहीं.

एके काळीं तर सांगण्याचा प्रयत्नहि होत नसे. लोकांत घबराट पसरेल, या भीतीनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या सरकारी हवामान-खात्यानें आपल्या अंदाजांत 'टोर्नेडो' हा शब्दच वर्ज्य केला होता, आणि हा दंडक कित्येक दशकें टिकला. १८ मार्च १९२५ रोजीं मिसूरी, इलिनॉय व इंडियाना या तीन संस्थानांतून एक टोर्नेडो सुमारें साडेतीन तासांत साडेतीनशें किलोमीटर धांवत गेला. ६९५ माणसें मेलीं. त्यांच्यापैकीं कोणासहि कसलाच इशारा मिळालेला नव्हता. पुढें २५ मार्च १९४८ रोजीं ओक्लाहोमांतील टिंकर विमानतळावर फॉबुश व मिलर या दोन लष्करी अधिकाऱ्यांनीं टोर्नेडोचें पहिलें यशस्वी भाकीत केलें. पांचच दिवसांपूर्वीं त्याच तळावर टोर्नेडो येऊन गेला होता. तशीच हवा पुन्हां जमलेली पाहून त्यांनीं विमानें आडोशाला हलविलीं, आणि त्याच संध्याकाळीं तो पुन्हां आला! पुढें रडार यंत्रें आलीं, आणि आज तेथें सरासरीनें दहा मिनिटांच्या आसपास अवधि मिळतो.

आतां प्रश्न असा कीं, या दहा मिनिटांत मनुष्यानें करावें काय? याचें उत्तर, टोर्नेडो माणसास कसा मारतो, यावर अवलंबून आहे. केवळ वाऱ्यानें मरणारे थोडे. वाऱ्यानें फेकलेली फळी, पत्रा, वीट, मोटार. किंवा अंगावर कोसळलेलें स्वतःचेंच घर, हींच बहुतेक मृत्यूंचीं कारणें होत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा दाब चौपट होतो. प्रथम छप्पर उचललें जातें. छपराचा आधार सुटतांच भिंती पडतात. 'आंतील हवेनें घर फुटतें, म्हणून खिडक्या उघडाव्या', ही जुनी समजूत निराधार ठरली आहे. खिडकी उघडणें म्हणजे वाऱ्यास आंत येण्याचें आमंत्रण देणें होय.

त्या मुलुखांत वसाहत करणाऱ्या शेतकऱ्यांनीं यावर आपल्यापरी उपाय काढला होता. घरालगत जमिनींत खोली खणावयाची, वर जाड झांकण बसवावयाचें. एरव्हीं तेथें बटाटे व मुरांबे ठेवावयाचे, आणि आभाळ काळेंहिरवें झालें कीं मुलांबाळांसह आंत उतरावयाचें. शेजारीपाजारी कुचेष्टेनें त्यास 'भित्र्यांचें बीळ' म्हणत. पण वादळानंतर त्या बिळांतूनच माणसें जिवंत बाहेर येत. शहरें वाढलीं, घरें सपाट चौथऱ्यांवर बांधलीं जाऊं लागलीं, आणि हें शहाणपण पुष्कळ ठिकाणीं मागें पडलें.

११ मे १९७० रोजीं टेक्सासमधील लबक शहरावर टोर्नेडो आला आणि २६ माणसें गेलीं. तेथील टेक्सास टेक विद्यापीठांतील स्थापत्यशास्त्रज्ञांनीं अशा पडक्या घरांची पाहणी सुरू केली, तेव्हां एक गोष्ट त्यांच्या लक्षांत आली : घर सारें जमीनदोस्त, पण मध्यभागची न्हाणीघराएवढी किंवा कपाटाएवढी खोली पुष्कळदां उभी! कारण उघड आहे. अशा खोलीच्या भिंती आंखूड व एकमेकींस जवळ असतात. त्या एकमेकींस धरून ठेवितात. तेथील अध्यापक अर्न्स्ट कीसलिंग यांनीं यावरून असा विचार मांडला कीं, सबंध घर अभेद्य करणें परवडणार नाहीं. पण त्यांतील एक खोली अभेद्य करणें सहज शक्य आहे. लोखंडी सळयांनीं बांधलेल्या काँक्रीटच्या किंवा पोलादाच्या भिंती, तसेंच छत, पायाशीं घट्ट जखडलेली बैठक, खिडकी मुळींच नाहीं, आणि तिहेरी कडीचा भक्कम दरवाजा. ताशीं चारशें किलोमीटरचा वारा तिनें सोसावा, आणि सुमारें सात किलो वजनाची लांकडी फळी ताशीं एकशेंसाठ किलोमीटर वेगानें आदळली तरी ती आरपार जाऊं नये, अशी तिची परीक्षा घेतली जाते. ती जमिनीखालींच असली पाहिजे, असें नाहीं. नीट बांधलेली असल्यास जमिनीवरहि ती तितकीच विश्वासार्ह ठरते.

इशारा आणि आसरा हे एकमेकांवांचून पंगू आहेत, हें दोन घटनांवरून कळेल. २२ मे २०११ रोजीं मिसूरींतील जॉप्लिन शहरांत भोंगे वाजले, तरी अनेकांनीं आणखी खात्री करून घेण्यांत मोलाचा वेळ घालविला. भोंगे पूर्वीं कितीदां तरी वाजून कांहींच झालें नव्हतें. शिवाय बहुतेक घरांस तळघरेंच नव्हतीं. १५८ माणसें बळी पडलीं. दोन वर्षांनीं, २० मे २०१३ रोजीं, ओक्लाहोमांतील मूर गांवीं इशारा वेळींच मिळाला होता. परंतु तेथील प्लाझा टॉवर्स या प्राथमिक शाळेंत आसऱ्याची खोली नव्हती. मुलें शिक्षकांच्या सांगण्याप्रमाणें भिंतीशीं डोकें झांकून बसलीं. सांगितलें तें सर्व त्यांनीं केलें. पण ती भिंतच पडली. त्या दिवशींच्या चोवीस मृतांत त्या शाळेचीं सात मुलें होतीं. शाळेंत घातलेलें मूल आईबापांनीं दुसऱ्याच्या भिंतींच्या हवालीं केलेलें असतें. त्या भिंती कशा असाव्या, हा प्रश्न मग एकट्या घरमालकाचा राहत नाहीं. पुढें २०१५ च्या इमारत-नियमावलींत अशा टापूंतील नव्या शाळांस असा आसरा आवश्यक ठरविण्यांत आला.

गरिबीचा प्रश्नहि येथेंच येतो. अमेरिकेंत चाकांवरून आणून ठेवलेल्या हलक्या तयार घरांत राहणाऱ्यांची संख्या थोडी. पण टोर्नेडोनें घरांत मरणाऱ्यांपैकीं निम्म्याच्या आसपास माणसें त्याच घरांतलीं असतात. त्यांच्यासाठीं वस्तीच्या मध्यभागीं सामाईक आसरा हवा, आणि तो धांवत पोंचतां येईल इतका जवळ हवा.

हीच गोष्ट आपल्या शेजारच्या बांगलादेशास अधिकच लागू आहे. बंगालच्या उपसागरावरील दमट हवा आणि पश्चिमेची कोरडी हवा यांची गांठ तेथेंहि चैत्र-वैशाखांत पडते. २६ एप्रिल १९८९ रोजीं माणिकगंज जिल्ह्यांत दौलतपूर व साटुरिया या गांवांवरून गेलेल्या टोर्नेडोंत सुमारें तेराशें माणसें मेलीं, असा अंदाज आहे; जगांत नोंदल्या गेलेल्या टोर्नेडोंत इतका प्राणघातक दुसरा नाहीं. बांबूच्या कुडाचीं व पत्र्याचीं घरें; डोक्यावरचा पत्राच तेथें शस्त्र होतो. त्याच देशानें चक्रीवादळापुरतें मात्र मोठें काम केलें आहे. १९७० च्या वादळांत तेथें तीन लाखांहून अधिक माणसें गेलीं. २००७ च्या 'सिद्र' वादळांत ही संख्या साडेतीन हजारांच्या आसपास राहिली. इशारे, गांवोगांव हिंडणारे स्वयंसेवक, आणि खांबांवर उभारलेल्या पक्क्या आसरा-इमारती यांचें हें फळ होय. त्यांतील कित्येक इमारतींत एरव्हीं शाळा भरते. पण त्या किनाऱ्याजवळ आहेत, आणि त्यांच्याकडे चालत जावयास तेथें कित्येक तास मिळतात. आंतल्या भागांतील टोर्नेडो तितका वेळ देत नाहीं. तेथें प्रत्येक शाळेंत एक तरी अभेद्य खोली असणें, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

आसऱ्याची किंमत केवळ त्याच्या भिंतींच्या जाडीवरून ठरत नाहीं. ती आपल्या दारापासून त्याच्या दारापर्यंत किती पावलें पडतात, यावरून ठरते. दहा मिनिटांत म्हातारी माणसें व कडेवरचीं मुलें जेथें पोंचतील, तोच खरा आसरा. वाऱ्यास थांबविणें मनुष्याच्या हातीं नाहीं. तीं पावलें कमी करणें मात्र सर्वस्वीं त्याच्याच हातीं आहे.