नाव नको, माहिती द्या

जुलै 1976. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं अल्बुकर्की शहर. पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाला लुटारूंनी गोळी घातली. मुलगा वाचला नाही. तपास सुरू झाला, आठवड्यामागून आठवडे गेले, पण पोलिसांच्या हाती धागा लागेना. शहरात कुणीतरी काहीतरी पाहिलं असणार, याबद्दल डिटेक्टिव्ह ग्रेग मॅकॅलीस यांना शंका नव्हती. ते कुणीतरी पुढे का येत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या मते कारणं दोनच होती : सुडाची भीती, नाहीतर ‘आपल्याला काय करायचंय’ ही वृत्ती.

मग त्यांनी स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राला गळ घातली. त्या रात्री काय घडलं असावं, ते नटांकडून करून घेऊन सप्टेंबरमध्ये पडद्यावर दाखवलं गेलं. सोबत आवाहन होतं : माहिती असेल तर फोन करा, नाव सांगू नका, उपयोग झाला तर रोख बक्षीस मिळेल. लगेच एकाचा फोन आला. त्यानं त्या रात्री मोठा आवाज ऐकला होता आणि पाठोपाठ एक गाडी भरधाव जाताना पाहिली होती. बातमी पाहेपर्यंत या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हेच त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तीन दिवसांत दोघांना अटक झाली.

‘क्राइम स्टॉपर्स’चा जन्म हा असा. पुढे हीच पद्धत अमेरिकाभर गेली, 1982 मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत पोचली आणि 1988 मध्ये ब्रिटनमध्ये. ब्रिटनमधल्या संस्थेमागे 1985 ची लंडनच्या ब्रॉडवॉटर फार्म वसाहतीतली दंगल होती. तिथे कीथ ब्लेकलॉक या पोलीस शिपायाचा जमावानं खून केला. पाहणारे अनेक होते, बोलणारं कुणी नव्हतं. मायकेल अॅशक्रॉफ्ट या उद्योजकानं आधी मारेकऱ्यांच्या माहितीसाठी बक्षीस देऊ केलं आणि त्यातूनच पुढे कायमस्वरूपी धर्मादाय संस्था उभी राहिली. तिथला फोन पोलीस उचलत नाहीत, संस्थेची माणसं उचलतात.

आता यंत्रणा आतून कशी चालते ते पाहू, कारण खरी कारागिरी तिथे आहे. फोन करणाऱ्याला नाव विचारत नाहीत, एक सांकेतिक क्रमांक देतात. मग प्रश्न सुरू होतात आणि ते बारीक असतात : गाडी कोणत्या रंगाची, कुठे पोचे आलेत, तो माणूस कोणत्या हातानं दार उघडतो, घरी किती वाजता परततो. गुन्हेगाराबद्दल सगळं विचारायचं, बोलणाऱ्याबद्दल काही नाही. टिपण पोलिसांकडे जाण्याआधी पुन्हा वाचलं जातं. समजा एखादी गोष्ट खोलीतल्या तिघांनाच ठाऊक असेल, तर ती कागदावर गेली की सांगणारा उघडा पडलाच. ती काढून टाकावी लागते. बक्षिसाचा निर्णय नागरिकांचं मंडळ घेतं, पैसा बहुतेक ठिकाणी देणग्यांचा. अनेक शहरांत फोन करणारा ठरलेल्या बँकेत जातो, क्रमांक सांगतो आणि पाकीट घेऊन निघतो. देणाऱ्याला तो कोण हे ठाऊक नसतं. ब्रिटनमध्ये तर बहुतेक जण बक्षीस मागायलाही येत नाहीत. पैशापेक्षा माणसांना सुरक्षितपणे बोलायला जागा हवी होती, असाच मी त्याचा अर्थ लावतो.

पोलिसांचा खबऱ्या वेगळा. त्याला अधिकारी ओळखतो, त्यांची देवाणघेवाण चालते, बऱ्याचदा त्याचा स्वतःचा पाय कुठेतरी अडकलेला असतो. इथे फोन करणारी व्यक्ती शेजारीण असते, दुकानदार असतो, कधी आरोपीची आईसुद्धा.

पण निनावी बोटानं निरपराध माणूसही दाखवता येतो. जुनं वैर, भाऊबंदकी, घरमालक-भाडेकरूचा वाद : कुणीही फोन उचलू शकतं. म्हणून न्यायालयांनी घातलेली वेसण मला या यंत्रणेचाच भाग वाटते. 1995 मध्ये मायामीत एका निनावी फोनवर पोलिसांना सांगण्यात आलं, की अमुक बसथांब्यावर चौकड्यांचा शर्ट घातलेला एक कृष्णवर्णीय मुलगा पिस्तूल बाळगून उभा आहे. पोलीस गेले, शर्ट जुळला, झडती घेतली, पिस्तूल सापडलंही. तरी 2000 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ती झडती बेकायदा ठरवली. शर्टाचं वर्णन कुणीही करू शकतं, गुन्ह्याबद्दल सांगणाऱ्याला खरंच माहिती आहे हे त्यातून दिसत नाही. टिप म्हणजे पुरावा नव्हे. ती तपासाची सुरुवात, पुढचं काम पोलिसांनीच करायचं.

याची दुसरी बाजू कॅनडात 1997 मध्ये दिसली. गांजाच्या लागवडीच्या खटल्यातल्या आरोपीनं टिपेचा कागद मागितला. नाव त्यात नव्हतंच, मग द्यायला हरकत काय? सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. फोनची वेळ, एखादा शब्द, घरातली एखादी बारीक गोष्ट, यांतलं काय आरोपीला त्या माणसापर्यंत पोचवेल हे न्यायाधीशालाही सांगता येत नाही. 2017 मध्ये त्याच न्यायालयानं या संरक्षणाची हद्दही आखली : पोलिसांची दिशाभूल करण्यासाठी फोन केला असेल, तर ही ढाल मिळणार नाही.

आपल्याकडे गावागावांत पोलीस पाटील आहे. 1967 च्या ग्रामपोलीस कायद्यानुसार गावात घडणाऱ्या गोष्टींची खबर ठाण्याला देणं हे त्याचं काम. तो गावातलाच, हीच त्याची ताकद, आणि त्याच्या ओसरीवर कोण किती वेळ बसलं हेही गाव पाहतं. 1872 च्या पुरावा कायद्यातलं कलम 125 सांगत होतं, की गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसावर करता येत नाही. नव्या कायद्यातही ही तरतूद आहे. म्हणजे पोलिसाला नाव माहीत असतं आणि ते त्यानं न्यायालयात सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न उरतो. ‘माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाईल’ असं पत्रकावर छापून खाली व्हॉट्सॲप नंबर देतात, तेव्हाही तेच. पहिल्या मेसेजबरोबर आपला नंबर समोरच्याकडे पोचलेला असतो. मग सगळी भिस्त त्या टेबलावरच्या माणसाच्या सचोटीवर आणि त्याच्या बदलीनंतर येणाऱ्यावर.

अल्बुकर्कीच्या पद्धतीत अशी भिस्त ठेवावीच लागत नाही, कारण फुटायला नावच नसतं. अशी यंत्रणा एखाद्या जिल्ह्यात उभी करायची तर फोन ठाण्याबाहेर वाजला पाहिजे, तो उचलणाऱ्यांना शिकवलं पाहिजे आणि पैसा नागरिकांच्या मंडळाच्या हाती हवा. मराठीत टिपणं घेणाऱ्याला तर आणखी एक सवय लावावी लागेल : ‘मी गच्चीवर उभी होते’ असं ऐकलं, तरी कागदावर ‘गच्चीवरून दिसलं’ एवढंच लिहायचं.