न वितळवता जोडलेला धातू : फ्रिक्शन स्टर वेल्डिंग

फ्रिक्शन स्टर वेल्डिंग ही धातू न वितळवता सांधण्याची पद्धत आहे. डिसेंबर 1991 मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या ‘द वेल्डिंग इन्स्टिट्यूट’ या संशोधन संस्थेत वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधली. विमानांत वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या काही बळकट मिश्रधातूंना आर्क वेल्डिंग मानवत नाही. वितळलेला भाग गोठताना त्याला तडे जातात, त्यात वायूची छिद्रे राहतात. म्हणूनच विमानबांधणीत रिव्हेटांवर भर राहिला. या पद्धतीने ती अडचण मुळातूनच दूर केली.

यंत्रातला खरा कर्ता म्हणजे गरगर फिरणारे टूल. त्याला रुंद खांदा आणि खाली पत्र्याच्या जाडीपेक्षा किंचित आखूड पिन असते. पत्रे आधारपट्टीवर घट्ट आवळून बसवतात, पिन सांध्यात घुसवतात आणि खांदा पृष्ठभागाला टेकला की टूल सांध्यावरून पुढे सरकू लागते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते; घर्षणाच्या उष्णतेने मिश्रधातू तापतो, पण त्याच्या वितळणबिंदूच्या खालीच राहतो. धातू मळलेल्या कणकेसारखा मऊ होतो, पिनेभोवतून मागे जातो आणि खांद्याच्या दाबाखाली घट्ट बसतो. भर घालायची तार लागत नाही, अ‍ॅल्युमिनियमसाठी सहसा संरक्षक वायूही लागत नाही, डोळे दिपवणारा झोत तर नाहीच.

संशोधकांना सर्वांत जास्त झुंजवले ते धातूच्या या प्रवाहाने, कारण तो दिसत नाही. शिवाय सांधा दोन्ही बाजूंना सारखा नसतो: एका बाजूला टूलच्या फिरण्याची दिशा आणि पुढे सरकण्याची दिशा एकच असते, दुसरीकडे ती उलट. धातू कुठून कुठे गेला हे कळावे म्हणून सांध्यात तांब्याची पातळ पट्टी किंवा पोलादाचे बारीक छर्रे ठेवतात, टूल मध्येच थांबवतात आणि सांधा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मधल्या ढवळलेल्या पट्ट्यात धातूचे कण काही मायक्रॉनइतके बारीक झालेले आढळतात. उष्णतेने कडक केलेल्या मिश्रधातूंत मात्र त्याच्या शेजारचा तापलेला भाग मऊ पडतो आणि ओढचाचणीत तुकडा बहुधा तिथेच तुटतो.

उष्णता कमी पडली किंवा टूल फार वेगाने नेले, तर आत बोगद्यासारखी पोकळी राहते. त्याहून घातक दोष म्हणजे एकमेकांना टेकलेली पण न जुळलेली पृष्ठे. हा दोष क्ष-किरणांनाही सहज सापडत नाही. म्हणून वरून सांधा सुबक दिसला तरी त्यावर विसंबणे योग्य नव्हे.

टूल उचलल्यावर शेवटी भोक उरते. नासाच्या अभियंत्यांनी त्यासाठी हळूहळू आत ओढली जाणारी पिन विकसित केली. स्पेस शटलच्या बाहेरील इंधनटाकीसाठी ही वेल्डिंग पद्धत वापरली गेली. स्वीडनमध्ये अणुकचऱ्याच्या, सुमारे 5 सेंटिमीटर जाड तांब्याच्या डब्यांची झाकणे अशाच पद्धतीने बंद करण्यावर काम झाले. पोलादासाठी मात्र टंगस्टनच्या मिश्रधातूंची किंवा क्यूबिक बोरॉन नायट्राइडची महागडी टुले लागतात आणि तीही झिजतात. त्यामुळे तिथे आर्क वेल्डिंगचेच राज्य अजून कायम आहे.