‘म्हणून’ कुठे लपवायचा?

परभणीचे कथाकार आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथेसारखी गावाकडची कथा उभी कशी राहते? एक बनवलेलं उदाहरण घेऊ.

‘सोयाबीनचा भाव पडला, लग्न लांबलं’ या झाल्या दोन बातम्या. मध्ये ‘म्हणून’ घाला, कथानक सुरू होतं. संवादात मात्र तो ‘म्हणून’ झाकायचा.

मोंढ्यात सोयाबीन विकून आलेल्या बापाला धाकटी विचारते, “बाबा, वह्या आणल्या का?”

तो टोपी खुंटीला अडकवतो. “आधी पानी दे, माय.”

भावाचा विषय कुणीच काढत नाही, तरी तो पडल्याचं वाचकाला कळतं. आणि बोली ‘पानी’त नाही, लेकीला ‘माय’ म्हणण्यात आहे.