जुन्या बंदुकांचा लिलाव

जुन्या बंदुकीचें मोल तिच्या पोलादांत थोडें आणि पूर्वकथेंत फार असतें. 1799 सालीं श्रीरंगपट्टण पडलें आणि टिपू सुलतानाचीं शस्त्रें लुटींतून विलायतेस गेलीं. त्यांतील बंदुका-तलवारींचा एक खाजगी संग्रह 21 एप्रिल 2015 रोजीं लंडनच्या बोनहॅम्स लिलावगृहांत विकला गेला. 30 नगांचे 60 लाख पौंडांहून अधिक आले. अनेकांवरील वाघाच्या पट्ट्यांची नक्षीच त्यांचें कूळ सांगत होती.

लिलावगृह प्रथम पारख करून अंदाजी किंमत छापतें. मालकाशीं ठरलेल्या राखीव किमतीखालीं वस्तु सुटत नाहीं. हातोडा पडला कीं विकणाराकडून दलाली आणि घेणाराकडून अधिभार घेतला जातो. म्हणून दोन पथ्यें पाळावीं : काळवंडलेलें पोलाद घासून चकचकीत करूं नये, कारण त्यानें जुनेपणाची खूण पुसते, आणि जुनीं पत्रें, पावत्या टाकूं नयेत, कारण तीच खरेपणाची साक्ष होय.

भारतांतील मालकास मात्र 1972 च्या कायद्यान्वयें शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तु परदेशीं धाडतां येत नाहीं. आणि विक्री कोठेंही होवो, विखुरलेला संग्रह पुन्हा जुळत नाहीं. तेव्हां प्रत्येक नगाचें टिपण व छायाचित्र आधीं करून ठेवा. बंदूक परक्या घरीं जाईल. तिची कथा तरी आपल्या घरीं राहील.