एसएमपीएसचा पंखा घरघरतो तेव्हा

कॉम्प्युटर चालू केला की मागून घरघर येते, पाच-दहा मिनिटांत ती कमी होते, आणि आपण म्हणतो, चालतंय की! पण ती दुरुस्ती नव्हे. पंख्याचा दांडा एका बारीक नळीसारख्या बेअरिंगमध्ये तेलावर फिरतो. तेल सुकलं, त्यात धूळ मिसळली की ते घट्ट होतं. मशीन तापलं की थोडं पातळ होतं, म्हणून आवाज बसतो. एक दिवस पंखाच बसतो. आपल्या कुंभार पिंपळगावात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, वर शेतातली धूळ. पंखा थांबला की एसएमपीएस आतल्या आत भाजतो.

आवाज नक्की कुठला, ते आधी बघा. प्रोसेसरचा पंखाही असाच ओरडतो. कागदाची नळी करून कानाला लावा, दुसरं टोक एकेका पंख्याजवळ न्या, लगेच कळतं.

आता महत्त्वाचं. एसएमपीएस उघडताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, वायर भिंतीतून काढा. 230 व्होल्टचा एसी आत गेला की त्याचा सुमारे 325 व्होल्ट डीसी होतो, काही सप्लायमध्ये त्याहूनही जास्त. तो मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून राहतो. लाइट गेली म्हणून तो रिकामा होत नाही! निदान अर्धा तास थांबा, आणि तरीही आत बोट घालू नका. मल्टीमीटर वापरता येत नसेल, तर हे काम मेकॅनिककडे द्या. त्यात कमीपणा नाही.

नवा पंखा घेताना 80 की 120 मिलिमीटर, जाडी किती आणि 12 व्होल्ट, एवढं जुळवा. लेबलवरचे अँपिअरही जुन्याच्या जवळपास असू द्या. नुसता 'आवाज नाही' म्हणून पंखा घेऊ नका, पुष्कळदा तो फक्त हळू फिरतो. शिवाय काही एसएमपीएस सुरुवातीला पंख्याला 12 व्होल्टपेक्षा कमी देतात, तेवढ्यावर तो फिरायला हवा. वारा जुन्याच दिशेनं गेला पाहिजे. बहुतेक पंख्यांच्या चौकटीवर बाण असतो. तारा कधी पिनेच्या, कधी झाळलेल्या. लाल प्लस, काळी मायनस.

कुणी विचारेल, तेल टाकलं तर? स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला तर काही दिवस निघतात. खोबरेल नको, थंडीत ते गोठतं. आणि आतला एखादा कपॅसिटर फुगलेला दिसला, तर पंख्यावर पैसे घालू नका, एसएमपीएसच बदला.