साडेतीनशे मिलिलिटर आणि तेरा लोकल

डोंबिवलीतल्या रक्तदान शिबिरात आपण ३५० मिलिलिटरची पिशवी देतो, चहा-बिस्किट घेतो आणि चालत घरी येतो. आता त्या पिशवीतल्या तांबड्या पेशी मोजू या. सुमारे पावणेदोन लाख कोटी! एकीला एक लावून रांग केली तर १३,००० किलोमीटर. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा, म्हणजे ३४ वेळा पुण्याला जाऊन परत!

एवढं देऊनही आपण ताठ कसे? मानेतल्या आणि हृदयालगतच्या मोठ्या धमन्यांत दाबावर पहारा देणारे मज्जातंतू आहेत. दाब जरा उतरला की एक-दोन ठोक्यांत नाडी वाढते, मग रक्तवाहिन्या आवळतात. पिशवी तर लांबच राहिली, बाकावरून नुसते उठलो तरी अर्धा लिटरभर रक्त पायांकडे उतरतं! ठाण्याच्या फलाटावर उभा असलेला प्रत्येक जण हे सावरूनच उभा असतो.

आणि हा हृदयाचा पंप तरी केवढा? मिनिटाला पाच लिटर, दिवसाला ७,२००, वर्षाला २६ लाख लिटर. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला जाणारी पन्नास वाघिणींची ‘जलदूत’ एका फेरीत २५ लाख लिटर पाणी नेई. छातीत दर वर्षी एक अख्खी जलदूत! सत्तर वर्षांत त्र्याहत्तर!

दाबाच्या या सावरासावरीत हिस्टामिनचाही हात असतो. हो, अंगावर पित्त उठवणारं तेच. रक्तवाहिन्यांवरच्या एच१ रिसेप्टरला भेटलं तर त्या सैलावतात, हृदयावरच्या एच२ला भेटलं तर ठोके वाढतात. त्याचे रेणू तरी किती चिमुकले? ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग घ्या. त्यातही रेणू सुमारे ५ लाख ४० हजार कोटी! रेणूला एक रुपया धरा; महाराष्ट्राचा २०२४-२५चा अख्खा अर्थसंकल्प सहा लाख कोटींच्या जरा वर होता.

पण खरी कमाल मेंदूत. रक्तस्रावाने दाब कोसळलेल्या उंदरांच्या मेंदूत हिस्टामिन दिलं, तर एच१ रिसेप्टरमार्फत दाब पुन्हा चढला! माणसाच्या मेंदूत ते बनवणाऱ्या चेतापेशी किती? ६४,००० च्या आसपास. गर्दीच्या कल्याण लोकलमध्ये पाच हजार माणसं धरली, तर सगळ्या मिळून तेरा लोकल. आणि मेंदूतल्या एकूण चेतापेशी ८,६०० कोटी. त्यांना लोकल लागतील तब्बल एक कोटी बहात्तर लाख!